लाल दुसुती

कमठाणा, ६ जानेवारी २०२५

ती. स्व. राजूआत्यास,
विजयश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोन लावला की अप्पा बाजूलाच येऊन बसतात, म्हणून लिहायलेय. माझ्या रुखवतात तुझं क्रॉस स्टिच पाहिजे, मोराची जोडी. कापड, म्हणजे दुसुती, कोणत्या रंगाची घ्यायची? आई मोतिया म्हणती. अप्पा म्हणतात, कोणतीबी घ्या, पण कोपऱ्यात नाव विजयश्रीचं टाका, राजूचं नको. कामून विचारलं, तर म्हणे रुखवतावर विधवेचं नाव बघून हळ्ळीखेडचे पाहुणे काय म्हणतील! अंगाची लाही झाली बघ. मला चार टाके सरळ येत न्हाईत आणि नाव माझं? मी लावणार न्हाई.

उत्तराची वाट बघणारी,
विजू

ठाणाकुशनूर, १४ जानेवारी २०२५

चि. सौ. कां. विजूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे काका जाऊन नऊ वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत गावातल्या अकरा पोरींची रुखवतं मी भरली. नाव कधी त्यांच्या आईचं, कधी मावशीचं. माझा हात चालतो, नाव चालत न्हाई, हा कुठला न्याय गं? गप्प बसले, ही माझीच चूक.

आईला सांग, मोतिया म्हणजे पांढऱ्याची सख्खी बहीण. त्यावर टाके मोजायला सोपे, व्हय. पण पांढरं बघून बघून माझे डोळे विटले. औरादला जाऊन लालभडक दुसुती आणली. दुकानदारानं विचारलं, अक्का, कुणासाठी? म्हटलं, माझ्यासाठी. लालवर भोकं दिसत न्हाईत, मग मांडीवर पांढरा टॉवेल टाकून मोजायलेय.

कोपऱ्यात येणार ते राजूबाई तानाजी बिरादार. माझ्या भावाला सांग, नको असंल तर स्वतः बसून एकेक टाका उसव. नाव न्हाई तर मोरबी न्हाई. आणि मी लग्नाला येणार, पुढं बसणार.

जेवत जा वेळेवर. तुझीच,
आत्या

हळ्ळीखेड (बी), २४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
सौ. विजयश्रीचा शि. सा. न. वि. वि.

म्हशीपायी तू लग्नातून सांजच्या गाडीनं निघालीस, म्हणून पुढचं तुला ठाऊक न्हाई. अप्पांनी मांडवात तुझं नाव झाकायला त्यापुढं लाडवाचं ताट ठेवलं. मी तीनदा सरकवलं! अजून माझ्याशी धड बोलत न्हाईत. न बोलू देत.

इथं रुखवत मांडलं तेव्हा चुलत सासूबाईंनी नाव वाचलं, ही कोण म्हणाल्या. ठणकावून सांगितलं, माझी सख्खी आत्या, विधवा आहे, आणि टाका न टाका तिचाच. मामंजी गेल्यापासून माझ्या सासूबाई असल्या कार्यात आतल्या खोलीतच बसतात. त्या बाहेर आल्या, नावावरून बोट फिरवलं आणि परत आत गेल्या. मला वाटलं, झालं आता.

दुसऱ्या दिवशी त्या सुईदोऱ्याचा डबा घेऊन माझ्यापुढं बसल्या. वैशाखात माझी नणंद सोनू हिचं लग्न आहे. म्हणाल्या, राजूबाईंना दुसुतीचं दुकान विचार. मी विचारलं, लाल आणू का? म्हणाल्या, न्हाई, लाल त्यांचा. मला हिरवी आण, आणि खाली नावाला चांगली वीतभर जागा सुटंल एवढी आण.

दुकानाचं नाव लगेच कळव, आणि माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
विजू