काचेच्या पेटीत कोणाशेजारी कोण

ता. १९ नोव्हेंबर १९३६, गुरुवार

पेटी झाली! चार काचा, पत्र्याची चौकट आणि शेरभर लुकण — एवढ्यात सलाउद्दीन कंदीलवाल्याने दीड हात लांबीचं सरोवर उभं केलं. दोन-तीन दिवस कुरकुरत होता — "वहिनी, मी कंदीलनी काच बसाडस, नदी नही!" आज मात्र पेटीला टेकून शेजाऱ्यांना असं सांगत होता, जणू भगीरथ हाच. पाणी भरलं. उजवा कोपरा पाझरला. भगीरथ खाली बसून पुन्हा लुकण लावू लागले.

पुण्याच्या मासिकाच्या संपादकांना कळवलंय की पुढच्या 'खानदेशच्या पत्रा'त गृहिणींसाठी एक निर्मळ छंद — घरी मासे पाळणे. ते संपादकांसाठी. खरं कारण या वहीसाठी.

दिवाळी झाल्यावर आक्का म्हसावदहून आल्या आहेत. आक्का म्हणजे माझी सवत, थोरली. त्यांना मूल झालं नाही म्हणून वकीलसाहेबांनी मला आणली. मीही कोरीच निघाले! तिसरी आणायचं धाडस मग त्यांना झालं नाही. आक्का रागावून माहेरी गेल्या त्या अठरा वर्षं तिथंच, आधी भावाकडे, मग भाच्याकडे. साहेब जाऊन चार वर्षं झाली. आता भाच्याचं छप्पर शाकारायला काढलंय म्हणून त्या इथं. संक्रांतीला गाडी येणार, त्या जाणार.

जाऊ नयेत.

हे लिहिता आलं! बोलायचं तर कुठल्या तोंडानं? जिच्यामुळे घर सुटलं तिनंच 'राहा' म्हणायचं? आणि एरवी आमचं बोलणं काय, तर मीठ आणि दूधवाला. म्हणून मासे. दोन बायकांना वाद घालायला तिसरा विषय हवा.

ता. २३

पाणी तीनदा बदललं. लुकणाच्या तेलाचा वास जाईपर्यंत मासा सोडायचा नाही, हे आक्कांनी सांगितलं. मी न विचारता! आजचं तेरावं वाक्य. (मोजते.)

ता. २४, बाजार

रेवाबाई कोळीण तापीकाठाहून मडकं डोक्यावर घेऊन आली. सकाळीच गल्लीत बातमी — वकिलाच्या घरात मासे! समोरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "रस्सा की तळून?" आमच्याकडे मासा म्हणजे दशावतारांतला पहिला, ताटातला नव्हे, असं मी सांगितलं. पटलेलं दिसलं नाही.

रेवाबाईने परातीत एकेक ओतला. बारीक चंदेरी, दहा-बारा. दोन अगदी आरपार — पोटातलं आतडं दिसतं, अशा जिवाला खोटं बोलायची सोय नाही. एक मिशीवाला शिंगटा. वाळूत तोंड खुपसून बसणारा एक पट्ट्यापट्ट्यांचा. आणि एक बोटभर मरळ, अंगावर रेघा, चेहरा गंभीर.

मी रीतसर तक्ता मांडला. वर्ण, गती, स्वभाव — कोणाचं कोणाशी जुळतं. आक्का सुपारी कातरत बघत होत्या. म्हणाल्या, "लगीन लाई ऱ्हायनी का, शास्त्रीण?"

शास्त्रीण! मला नाव पडलं!

पुढं म्हणाल्या, "गुण कसाले देखस? तोंड देख. जे तोंडमा जास, ते पोटमा जास." मरळीकडे बोट दाखवलं — "हाई नको."

पण मरळ मला फार आवडली. शांत. दर दोन मिनिटांनी पृष्ठभागावर येऊन पाण्याचा घोट घेते — साक्षात आचमन! पेटीत एक तरी सदाचारी असावा म्हणून ठेवली. शिंगटा मात्र परत दिला. मिशा पाहून भरवसा वाटेना.

ता. २६

चंदेरी बारा होते. नऊ दिसतात. पेटीतल्या पाणवनस्पतीत लपले असावेत.

ता. २७

सहा. वनस्पती एवढी दाट नाही.

ता. २८, शनिवार

चार. सदाचारिणीच्या तोंडातून एक शेपटी बाहेर!

'मात्स्यन्याय' हा शब्द वडिलांनी मला चौदाव्या वर्षी पाठ करून घेतला होता. अर्थ आज कळला, तोही तीस वर्षांनी, काचेतून.

आक्का हसल्या. हसल्या म्हणजे — भिंतीला धरून, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी. "आचमन करी ऱ्हायनी ना तुन्ही बामनीण! देख, नैवेद्य बी ली ऱ्हायनी!" मीही हसले. दोघी जमिनीवर. सलाउद्दीनची बायको गुलशन काचेचा हिशेब मागायला आली होती, तीही बसून हसू लागली, कारण न कळता.

अठरा वर्षांत पहिल्यांदा. आठ मासे गेले, त्यांना सद्गती लाभो.

ता. १ डिसेंबर, बाजार

मरळ रेवाबाईकडे परत. या वेळी निवड आक्कांची. परातीशी उकिडव्या बसून प्रत्येकाचं तोंड पाहिलं, थेट सासू सून पाहते तसं. वर वळलेलं तोंड — वरचं खाणारा. खाली वळलेलं — तळाचा. समोर — मधला. "तीन मजला, तीन भाडेकरू. कोनी कोनाना चुल्हावर जाव नही."

लहानपणी म्हसावदच्या डोहावर या रोज कणकेच्या गोळ्या टाकत. तिथले मासे कोणी धरत नसे. तेवढ्यावर ही विद्या! मी पंधरा वर्षं व्याकरण केलं आणि मला मरळ ओळखता आली नाही.

चंदेरी मी चारच पुरे म्हणत होते. त्यांनी आणखी आठ घ्यायला लावले. "हाऊ मासा एकला ऱ्हायना का कणीक खास नही."

मी पाण्याकडे बघत राहिले. त्या सुपारीकडे.

ता. ८

सगळे जिवंत! चंदेरी बाराच्या बारा, तेही मोजून. आक्का रोज सकाळी तांब्यातून उंचावरून पाणी सोडतात, माशांना वारा मिळावा म्हणून. आरपारवाल्या दोघांना नावं ठेवलीत — वकील आणि अशील. कोण कोणाला फसवतंय दिसतं म्हणे.

ता. १७ डिसेंबर, गुरुवार

भाच्याचं पत्र. आक्कांनी माझ्या हातात दिलं — "वाच व." त्यांना अक्षरओळख कुठली, त्या काळी कोण शिकवणार?

पत्रात लिहिलं होतं — छप्पर झालं. मिरची आली आहे, घरात राबायला माणूस नाही, फुकटचं बसून खाणं पुरे झालं, संक्रांतीला गाडी आणतो, तयार राहणे.

मी वाचलं — "छप्परास अद्याप अवकाश आहे. तेथे मानवत असेल तर खुशाल राहावे. घाई नाही. मुलांचा शिरसाष्टांग."

शिरसाष्टांग माझ्या पदरचा. एकदा सुटलेली जीभ!

आक्का म्हणाल्या, "भला पोऱ्या शे." आणि माशांना कणीक मळायला गेल्या.

ता. १८

पाप एकटं राहत नाही, त्यालाही सोबत लागते. भाच्याला आक्कांच्या नावानं उत्तर लिहिलं — डाव्या गुडघ्यात कळ आहे, गाडीचा प्रवास झेपणार नाही. आक्कांचे गुडघे माझ्यापेक्षा मजबूत आहेत! पाकीट न चिकटवता ओट्यावर ठेवलं, दुपारी टपालात गेलं.

दिवसभर माझं मन फुलपाखरू. लाज वाटते, पण फुलपाखरूच.

ता. ५ जानेवारी १९३७

भाच्याचं उत्तर नाही. फार छान. फार वाईट.

ता. १४ जानेवारी, संक्रांत

गाडी आलीच! भाचा स्वतः. मी तिळगुळाचं ताट हातात धरून देवघराच्या दारातच थिजले. आता उघडं पडणार — पत्र, मिरची, शिरसाष्टांग, सगळं.

आक्का आतून आल्या. लंगडत. डावा पाय!

"देख रे भाऊ, मन्हा गुडघा," त्या कण्हल्या. "मी नही येस. मिरचीले दुसरी बाई देख." त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. तो गाडीला पाय लावून बराच वेळ बोलत होता; त्या फक्त गुडघा चोळत होत्या. गाडी रिकामी गेली.

गुडघ्याचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मिरचीचंही नाही.

ता. १५

आज धीर करून विचारलं. त्या माशांना कणीक टाकत होत्या, वळल्यादेखील नाहीत.

"दोन्ही पत्रं वाचेल शेत मी. गावना कुळकर्णीनी शिकाडं व्हतं, आठ वरीसनी व्हतू तवय."

मग माझ्याकडून का वाचून घेतलं?

"तू काय वाचस, ते माले ऐकनं व्हतं."