जाळली म्हणून सांगितलेली वही

वसई, बुधवार,
१९ मार्च २०२५

सालोमी टीचर,

सप्रेम नमस्कार लिहिणार होते. 'सप्रेम' राहू दे, नुसता नमस्कार घ्या.

तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं. इकडे मोगरा यंदा चांगला आलाय, पण खुडायला बाया मिळत नाहीत. अनुज म्हणतो, "आई, वाडी विकू या." मी ऐकून सोडून देते. हे जाऊन दोन वर्षं झाली, तरी दुपारी चहाचे दोन कप काढले जातात.

पत्राचं कारण वही आहे. यांच्या तेराव्याला तुम्ही विचारलंत, "बाय, आमची वही कुठे गं?" मी म्हटलं, "चितेवर ठेवली त्यांच्याबरोबर." तुम्ही डोळे पुसलेत आणि म्हणालात, "बरं केलंस." वही तेव्हा माझ्या साड्यांखाली होती. तुम्ही रडलात ते बघून मला बरं वाटलं.

अकरा वर्षं, दर गुरुवारी, चार ते सहा. त्या जर्मन तत्त्वज्ञ माणसाची तीन जाडजूड पुस्तकं तुम्ही इंग्रजीतून समजावायचात, हे त्या वहीत मराठीत उतरवायचे. मी चहा घेऊन आले की दोघं गप्प. एकदा विचारलं, "एवढं काय असतं हो त्यात?" हे म्हणाले, "तुला कंटाळा येईल." तुम्ही हसलात.

मी सातवी शिकलेली. ती वही वाचायला मला दोन वर्षं लागली, एकेक पान चार-चारदा.

त्यात लिहिलंय, वस्तू मुळात कशी आहे ते माणसाला कळत नाही. आपल्याला ती जशी दिसते तेवढीच कळते. बाहेरच्या ओट्यावर बसलेले तुम्ही दोघं मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून जसे दिसलात, तसेच मी धरून बसले. मुळात काय होतं, ते आता कोणाला विचारू? तुम्हाला विचारणार नाही.

खोटं बोलण्याबाबत तो माणूस फारच कडक. आपण केलं तेच सगळ्यांनी केलं तर चालेल का, असं स्वतःला विचारायचं म्हणे. मी विचारलं. त्यानंतर साड्यांचं कपाट उघडवेना.

मग सौंदर्याचं पान आलं. यांच्या अक्षरात: "उमललेला मोगरा बाजारात चालत नाही, म्हणून सुभद्रा तो बाजूला काढते आणि पेल्यात पाणी घालून ठेवते. विचारलं, कशाला? म्हणाली, उगाच. आपण चार महिने जे शोधतोय ते हेच." खाली तुमची लाल शाई: "याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही."

टीचर, माझ्याबद्दल बोलत होतात आणि मला आत चहा करायला ठेवलंत? तुम्ही दोघं दुसरं काही बोलत असतात, तर इतकं लागलं नसतं.

आवडीने केलेल्या चांगल्या कामाचं तो माणूस फार कौतुक करत नाही. मन मागे ओढत असताना, करायला हवं म्हणून केलं, ते खरं. मग ऐका: मला तुम्ही आवडत नाही, कधीच आवडला नाहीत. वही तुम्हाला देते आहे.

हे पत्र अनुजच्या हाती आजच पाठवते आहे. उद्या गुरुवार. चारला या. वही ओट्यावरच वाचायची, मोठ्याने, पहिल्या पानापासून. यांच्या जागेवर मी बसेन. चहाचं सामान गॅसच्या डाव्या हाताला आहे. या वेळी तुम्ही करा.

कर्तव्यापुरती तुमची,
सुभद्रा