मामाच्या दुकानातले शहाऐंशी फोटो

गुरुवार, १२ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. चार महिने पत्र नाही, याबद्दल कान पकडते. कामात होते असे लिहिणार होते; पण डायरी चाळली तर त्यातले दोन महिने मी तुला काय लिहावे याचा विचार करत होते आणि उरलेले दोन, अजून लिहिले नाही म्हणून स्वतःला बोल लावत होते. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढणे बंद केलेस ना? (केले नसशील.) तुझे बाबा, म्हणजे माझा मामा, ठणठणीत आहे. फक्त हात कापतो, म्हणून तर घड्याळदुरुस्तीचे दुकान बंद करतोय. शनिवारी सुतार येऊन त्याचे कामाचे टेबल सोडवून नेणार.

आता तू सोपवलेली कामगिरी. दुकान बंद होण्याआधी बाबांचा कामावर बसलेला एक फोटो काढ, भिंतभर मोठा करून त्यांच्या खोलीत लावू, असे तू कळवलेस आणि मदतीला टॅबलेट पाठवलास. ही वस्तू मोठी नवलाची आहे. कॅमेऱ्याचा खटका दाबला की मध्ये वायर नसताना तो फोटो पाटीएवढा होऊन टॅबलेटवर हजर. भिंतीपलीकडे जातो का, हे पाहायला मी टॅबलेट स्वयंपाकघरात ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन टॉवेलचा फोटो काढला. टॉवेल स्वयंपाकघरात पोचला. (मध्ये लोखंडी कपाट आले तर पोचत नाही. का, ते कळले नाही. नोंद केली आहे.)

सोमवारी दुकानात गेले. "आला पंचनामा," मामा म्हणाला. (मी सगळे लिहून ठेवते म्हणून हे नाव.) टॅबलेट त्याच्यासमोर टेबलावरच उभा केला. पहिला फोटो आला आणि मामा स्वतःचे हातच बघत बसला. एकेचाळीस वर्षांत त्याने ते समोरून पाहिलेच नव्हते. दोन बोटांनी फोटो ताणून म्हणाला, "हा अंगठा माझा? इतका वाकडा?" तिसऱ्या फोटोत त्याला एका चक्राचा तुटलेला दात दिसला, जो तो सकाळपासून भिंगातून शोधत होता. मग काय विचारतेस. खणातली घड्याळे एकेक करून बाहेर आली: याचा काढ, आता याचा. शेजारचा न्हावी गिऱ्हाईक सोडून बघायला आला, त्याच्यामागे साबणासकट गिऱ्हाईकही. न्हावी म्हणाला, "मामा, फोटोत तुमचं दुकान बरंच स्वच्छ दिसतं हो." मामा म्हणाला, "याच्या दाढीची एकच बाजू झालीय. आधी ती दुसरी उरक."

असे शहाऐंशी फोटो झाले. घरी येऊन एकूण एक फोटो टॅबलेटवर दोनदा तपासला, चेहरा स्पष्ट आला आहे का ते ताणून पाहिले, क्रमांक डायरीत उतरवले आणि मगच कॅमेऱ्यातले कार्ड पुसले. एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवणे मला गबाळेपणाचे वाटते.

काल फोटो छापणाऱ्याकडे गेले. त्याने विचारले, "मोठे कुठायत?" तेव्हा कळले की टॅबलेटकडे फक्त लहान प्रती येतात, लवकर पोचाव्यात म्हणून. मूळ फोटो कार्डावरच राहतात. पोस्टकार्डाएवढा छान येईल, भिंतीएवढा केलात तर नाकाचे सात चौकोन दिसतील, असे तो म्हणाला. (मी मोजले, आठ होते.) पुसलेले परत मिळवता येते म्हणे, पण कार्ड नीट पुसले गेले ना, हे पाहण्यासाठी मी त्यावर खिडकीचे फोटो काढून ते काठोकाठ भरले होते.

हे तुला कळवावे की पोस्टकार्डाएवढाच फोटो पाठवून गप्प बसावे, यावर कालची संध्याकाळ गेली. गप्प बसण्याच्या बाजूने बरेच मुद्दे निघाले, याची लाज वाटते.

तुझी,
धाकटी

ता. क. आज मामाला फोन कर आणि सुतार दोन दिवस पुढे ढकलायला लाव, म्हणजे मी पुन्हा जाईन. कारण तूच शोध. मी तीन शोधली, तिन्ही खोटी आहेत. (या पत्राचा फोटो काढूनच धाडते, म्हणजे लगेच पोचेल.)

ता. क. २. फोन नको. फोटो काढायला पत्र टेबलावर पसरले, तोच मामा आला. घाईघाईने ते उशीखाली सारले. मामाने टॅबलेट मांडीवर घेऊन शहाऐंशीच्या शहाऐंशी फोटो पाहिले आणि म्हणाला, "घड्याळ पुढ्यात उघडं आणि मी बघतोय या पाटीकडे. सगळ्यात तेच. यात घड्याळजी कुठाय?" खरेच आहे. डोळे स्पष्ट आलेत का, हे मी दोनदा तपासले होते. ते कुठे बघतायत, हे एकदाही नाही. मग म्हणाला, "माझ्यामुळे तुझी मेहनत वाया गेली गं. सुताराला सोमवारी यायला सांगितलंय. उद्या येशील का परत?" त्याने माझी माफी मागितली, ताई. आणि मी म्हणाले, "असू दे, मामा."

उद्याचे काम: मामाने डोळ्याला भिंग लावले की कार्डाचे खरे सांगणे. (भिंग लावल्यावर तो मान वर करत नाही.)