तुझा आवाज टीव्हीत येतो

बा, तुझा आवाज टीव्हीत येतो. म्हणजे तुझा न्हाई, माझ्या नातीचा. मुंबईला कार्टूनमधल्या एका खारीला ती आवाज देती. खार चिडली की मी हसून हसून चुलीपुढंच बसकण मारती, अन् सून म्हणती, आत्याबाई, भाकर करपून राहिली. आता गॅस आलाय, पण भाकर मला चुलीवरचीच लागती, ते असू दे.

लोकांना वाटतं पोरगी मुद्दाम आवाज काढती. काढत न्हाई, बा. तिचं बोलणंच तसं हाय, बारीक अन् मधीच फाटणारं. गॅसवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, बाळा, घरात मोठं कुणी हाय का. नांदेडच्या डॉक्टरनं गळ्यात नळी घालून पाहिलं. म्हणला, आवाजाची एक पट्टी जन्मापासूनच आखूड हाय, आजार न्हाई; पण छोटं ऑपरेशन केलं तर चारचौघींसारखं बोलेल. नेमकं तेव्हाच डोंगरकडा गावचं स्थळ आलेलं. पोरगं गुणाचं, पण त्याच्या आईला आवाज खटकला. सून म्हणली, करून टाकू, एकदाची तकलीफ मिटंल. पोरगी तशीच उठली. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"आजी, तू सांग. करू का?"

मी जेमतेम दुसरी शिकलेली, मी काय सांगू? तुझी गोष्ट सांगितली. एवढा धिप्पाड गडी, अन् तोंड उघडलं की चिमणी. बाळापूरच्या बाजारात लोक तुला उगंच भाव विचारायचे, तुझं बोलणं ऐकायला. तुला कधी राग आला न्हाई, काहून कोण जाणे. मग उन्हाळ्यातली कयाधू नदी सांगितली. पाणी एकाच डोहात, तिथं चार धनगरांची मेंढरं एकात एक मिसळलेली. बाकीचे कानाच्या खुणा बघतायत, पाय धरून ओढतायत, शिव्या देतायत. तू निवांत तोंड धुतोस, चढावर जातोस अन् एकदाच हाक मारतोस. त्या गर्दीतून आपली तेवढी मेंढरं माना वर करून निघून येतात. मी तुला विचारलं, बा, यांना कसं कळतं?

तू म्हणलास, "असा आवाज दुसऱ्या कोणाचा हाय का?"

पोरगी लई हसली. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच डोंगरकड्याला फोन लावला अन् सांगितलं, आवाज हाय असाच राहील. स्थळ गेलं. सून माझ्यावर फुगून बसली. परवापासून चहा देऊ लागली.

घरच्यांना वाटतं, पोरीचं काम जाऊ नये म्हणून मी ती गोष्ट सांगितली. व्हय, ते बी होतं. पण तुझा एकसुद्धा फोटो न्हाई, बा. आताशा तुझं तोंड आठवायला गेली तर नीट दिसत न्हाई. तुझं म्हणून एवढंच उरलंय, अन् ते डॉक्टरच्या हाती द्यायला माझा जीव झाला न्हाई. म्हणून हा कागद मी कुणाला दाखवणार न्हाई. पोरीला तर न्हाईच न्हाई.