तिसरं कडवं

हॅलिफॅक्स
मंगळवार, ११ मार्च १८८४

प्रिय विल्फ्रेड,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे निदान त्यावर आपला वाद होणार नाही.

१. शनिवारी आमच्या घरी चहा आणि गाणी होती. पाहुणे अकरा.
२. आठ वाजून दहा मिनिटांनी आपण दोघांनी जोडीचं गाणं सुरू केलं. पियानोवर तू होतास, पानं आई उलटत होती.
३. गाण्यातला पुरुष तीनदा लग्नाचं विचारतो. बाई दोनदा नाही म्हणते, तिसऱ्यांदा हो म्हणते.
४. दुसऱ्या कडव्यानंतर थांबायचं, असं सरावाच्या वेळी ठरलं होतं.
५. तू थांबला नाहीस.
६. मी तिसरं कडवं गायले.
७. रविवारी दुपारपर्यंत आपलं लग्न ठरल्याचं सगळ्या गल्लीला कळलं होतं.
८. सोमवारी पहिल्या गाडीने तू गिरणीच्या कामासाठी पंधरा दिवस किडरमिन्स्टरला निघून गेलास.

तिथे तू गालिच्यांच्या नव्या नक्ष्या बघत बसला असशील. इथे मी काय बघते आहे ते सांगते. सेलिना मावशी रविवारी प्रार्थना संपल्या संपल्या चर्चच्या पायरीवरच सुरू झाली, "अगं बाई, पोरीने अकरा माणसांसमोर हो म्हटलं, आणि तेही काय सुरात!" मी घरी आल्यावर आईला म्हटलं की ते शब्द माझे नव्हते, छापलेले होते. आई म्हणाली, "छापलेले का असेनात, निघाले तुझ्याच तोंडून ना?" मी म्हटलं, त्याच तोंडून त्याच गाण्यात दोनदा नाहीही निघालं, त्याचं काय? तर म्हणते, "नाही काय, सगळ्याच म्हणतात. मी तुझ्या बापाला चारदा म्हटलं होतं." मी वर निघून गेले. खाली आई आणि मावशी आपल्या नव्या घराच्या पडद्यांचं कापड मोजत होत्या.

मला या गाण्यांचा राग नाही. राग आहे तो त्यांच्याभोवतीच्या सोंगाचा. शनिवारी मिसेस हॉल्ड्सवर्थनी दाराशीच सांगितलं की आज घसा बसलाय, गाणार नाही. मग तीनदा आग्रह झाला आणि कोटाखालून नऊ गाण्यांची गुंडाळी निघाली. पहिल्या तीन गाण्यांत मिळून दोन बाळं, एक खलाशी आणि एक म्हातारा कुत्रा मेला. सगळ्यांनी डोळे पुसले आणि लगेच शहाजिऱ्याच्या केकवर हात मारला. मिसेस हॉल्ड्सवर्थचं बाळ गेलं असं कुणी समजलं नाही. खलाशासाठी कुणी काळे कपडे घातले नाहीत. मग माझ्या एकटीच्याच गाण्याचा एवढा शब्दशः अर्थ का घ्यायचा?

तारघरात मी दिवसभर हेच काम करते, तुला माहीत आहे. काल दुपारी मी एका घरी मुलगा झाल्याची तार पाठवली आणि लगोलग एका घरी आजोबा गेल्याची. दोन्ही सारख्याच वेगाने. समोर आलेली ओळ पाठवायची, तिच्यात आपण शिरायचं नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. शनिवारी पान उलटलं गेलं, ओळ समोर आली, मी ती म्हटली. रविवारभर मी सगळ्यांना हेच सांगितलं, आणि एकालाही ते पटलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पंधरा दिवस दात आवळून काढले असते. पण काल सकाळी आमच्या तारघराच्या प्रमुख मिस पिलिंगनी मला टेबलाशी बोलावलं. नव्या मुलींना यंत्र शिकवायची जागा मोकळी झाली आहे. या जागेची वाट मी चार वर्षं पाहते आहे, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. तूच मला हात बसावा म्हणून जेवणाच्या टेबलावर चमच्याने तारेच्या खुणांत शब्द वाजवायला लावायचास आणि चुकीचे ओळखून हसायचास. मिस पिलिंग म्हणाल्या, "हेस्टर, जागा तुझीच होती गं. पण लग्न झालेली बाई इथे राहू शकत नाही, हा नियम काही मी केलेला नाही. सहा महिन्यांत जाणाऱ्या मुलीला मी शिकवायला कशी बसवू?" मी म्हटलं, काही ठरलेलं नाही. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग तसं लिहून दे. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. नंतर मी दुसरीला सांगणार."

लिहून द्यायला मी तिथेच पेन उचललं होतं. 'काही ठरलेलं नाही.' तीन शब्द. मी दोनदा शाईत बुडवलं आणि ठेवून दिलं, कारण खोटं आहे की खरं हे माहीत नसताना मी सही करत नाही.

तुला तारेने विचारता आलं असतं, पण ती तार इथल्या सहाजणी वाचतील आणि तिकडच्या कितीजणी ते देव जाणे. म्हणून पत्र. तिसरं कडवं गुळमट आहे, चहा निवतो, तेवढं गाळू या, असं सरावाला तूच म्हणाला होतास. मग शनिवारी शेवटचे स्वर न वाजवता तू पुन्हा सुरुवातीचे का वाजवलेस? ती चूक नव्हती. त्या कडव्यात तू एकदाही कागदाकडे पाहिलं नाहीस, आणि सरावाला ते तुला पाठ नव्हतं, तू त्यात दोनदा अडखळला होतास; म्हणजे मधल्या दिवसांत तू ते मुद्दाम पाठ केलंस. आता माझी बाजू. नोंद अर्धी ठेवायची मला सवय नाही. मजकुराबद्दल शंका आली तर आम्ही थांबतो आणि पुन्हा विचारतो. मला शंका आली होती. मी थांबू शकले असते. थांबले नाही, आणि त्याचं कारण छापलेलं नव्हतं. ते कारण काय, हे तू मला खरोखर लग्नाचं विचारलं असशील तरच सांगेन. विचारलं असशील, तर शुक्रवारी मला माझी जागा आणि तू यांतलं एक निवडावं लागेल, आणि काय निवडेन हे मी आज सांगू शकत नाही. ती गंमत असेल, तर तसं आईला स्वतः लिही. माझ्यावर सोडू नकोस. पण दोन्हींपैकी जे असेल ते साध्या गद्यात, तुझ्या स्वतःच्या शब्दांत लिही. तुझं उत्तर मला गुरुवारी संध्याकाळच्या टपालाने मिळायला हवं.

तुझी शेजारीण,
हेस्टर ऑर्मरॉड