पिवळी टोपी हलत नाही

मंगळवार, ४ मार्च

मेले नाही! एवढं आधी लिहून ठेवते.

सकाळी क्रेनच्या केबिनमध्ये बसले, सळयांचा पहिला गठ्ठा उचलला आणि छातीत धडधड सुरू झाली. बोटांना मुंग्या. वाटलं, संपलं — इथेच, एवढ्या उंचीवर, खाली उतरवायलासुद्धा कुणाला जमायचं नाही. लिव्हर सोडून दिले. ते सोडले की क्रेन थांबते, म्हणून निभावलं. मग हळूहळू आपोआप ओसरलं.

खालून शिट्टीमामा वॉकीटॉकीवर — "काय गं पोरी, डोळा लागला का?" मी म्हटलं, वारा आहे. वारा कसला! खाली वाळत घातलेला टॉवेलसुद्धा हलत नव्हता.

शिट्टीमामा आमचा सिग्नलमन. केबिनमधून खालचं सगळं तिरकं दिसतं. गठ्ठा माणसाच्या पुढे आहे की डोक्यावर, हे वरून कळत नाही. तो खालून "घे, घे, सावकाश, बस" म्हणतो तेवढंच मी हलवते. वॉकीटॉकी बिघडला तर दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारतो की अख्खी साइट जागच्या जागी थांबते. आणि मी त्याच्याशी खोटं बोलले.

गुरुवार, ६ मार्च

परत! या वेळी शिडीवरच, अर्ध्यात. दांडी धरून लटकून राहिले. खाली बघवेना, वर बघवेना.

आईचं निदान पक्कं आहे — पित्त. "रिकाम्या पोटी चहा ढोसतेस, दुसरं काय होणार!" आईच्या मते जगातली निम्मी दुखणी पित्ताची आणि उरलेली मोबाइलची.

शनिवार, ८ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. छातीचा ईसीजी काढला, रक्त तपासलं. हृदय ठणठणीत. "हा भीतीचा झटका आहे," त्या म्हणाल्या. "येतो, चढतो, ओसरतो. जीव घेत नाही." मला रडूच कोसळलं. आधी सुटल्यासारखं वाटून, मग रागाने. म्हणजे हे माझं मीच करून घेतेय? तर म्हणाल्या, "तुम्ही नाही करत. धूर नसताना भोंगा वाजतोय, एवढंच."

आणि भोंगा वाजला की करायचं काय? श्वास घेता येईल तेवढा घ्यावा, सोडताना मात्र लांबवत सोडावा. पावलं खाली घट्ट दाबावीत. समोरची एखादी न हलणारी वस्तू पकडायची आणि ती कशी आहे ते मोठ्याने बोलत राहायचं — मनात नाही, तोंडाने. चहा कमी, रोज चालणं, आणि दर आठवड्याला त्यांच्याशी येऊन बोलणं. निघताना म्हणाल्या, "साइटवर सांगा. हे आटोक्यात येईपर्यंत वर चढू नका." मी मान डोलावली.

नाही सांगणार. सांगितलं की केबिन गेली! मी इथली एकटी बाई ऑपरेटर. "तरी आम्ही म्हणत होतो" हे वाक्य इंजिनिअर साहेबांच्या ओठांवर मी आले त्या दिवसापासून तयार आहे. त्यांना ते म्हणायची संधी द्यायची नाही म्हणजे नाही.

सोमवार, १० मार्च

चहा एकच घेतला. डोकं ठणकतंय. संध्याकाळी आईला घेऊन चालायला गेले, लांबवत श्वास सोडत होते. ती म्हणे, "मघापासून काय फुंकतेयस? तोंड भाजलं का?" खूप दिवसांनी पोट धरून हसले.

बुधवार, १२ मार्च

झटका आला नाही. पण येईल, येईल म्हणून दिवसभर जीव मुठीत. हे त्याच्याहून वाईट आहे! हूक खाली जातो, खाली माणसं मुंग्यांएवढी, आणि माझं एकच — आत्ता आला तर? शिडीवरून उतरताना दर पायरीला थांबत होते. मामाने बघितलं.

शुक्रवार, १४ मार्च

जमलं! जमलं मला!

दुपारी गठ्ठा फिरवत असताना आला. आजवरचा सगळ्यात मोठा. डोळ्यांपुढे काळे ठिपके, हात गार. लिव्हर सोडले, गठ्ठा तिकडे झोके खात राहिला. गळ्यातला वॉकीटॉकी मुठीत आवळून धरला — काहीतरी धरायला हवं होतं. सगळीकडे शांत. मामासुद्धा गप्प. मी जगात एकटी आहे असं वाटलं, इतकं भयंकर शांत.

मग पावलं दाबली. श्वास लांबवत सोडला. न हलणारं काय दिसतंय? मामाची टोपी! बोलायला लागले, मोठ्याने — "पिवळी टोपी. टोपी हलत नाही. हलत नाही, बरं आहे. हलत नाही." किती वेळ बोलले कुणास ठाऊक. खरंच हलत नव्हती ती. तिला धरून वर आले मी.

मूठ सैल केली, तेवढ्यात मामाचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा. "उजवीकडे घे. सावकाश. अजून सावकाश. बस." घेतलं. काम पूर्ण केलं. कुणाला पत्ता नाही! भीती आहे अजून, पण आता तिला धरायची जागा सापडली.

शनिवार, १५ मार्च

मामा सकाळी चहा प्यायला आला नाही. सिमेंटच्या पोत्यांवर एकटाच बसला होता. म्हटलं, काल वारा होता ना. म्हणाला, "पोरी, तुझं बटण दाबलेलं होतं."

बटण दाबलेलं असलं की आपलं सगळ्यांना जातं, त्यांचं आपल्याला येत नाही. साइटभर ऐकत होते सगळे. ओरडत होते. गठ्ठा झोके खात मामाच्या डोक्यावर येऊन थांबला होता. शिट्टी मारायला गेला, तर तोंडाला कोरड, शिट्टी फुटेना.

"मग बाजूला का नाही झालास, मामा?"

"तू म्हणत होतीस ना, टोपी हलत नाही म्हणून बरं आहे. मी हललो असतो तर तू काय धरलं असतंस?"

साहेबांच्या खोलीबाहेर बसून लिहितेय. केबिनची किल्ली काढून हातात घेतलीय. साहेब फोनवर आहेत. थांबते.