पेटी की प्रोग्रॅम

५ जून
गेल्या वर्षी पोशाखांची नोंदणी उघडली आणि साइट पडली. कार्निव्हलला आमच्या बँडमधून नाचायला अर्धं पोर्ट ऑफ स्पेन एकाच मिनिटाला साइटवर धावतं, त्यात माझा काय दोष? (प्रामाणिकपणे: थोडा. सर्व्हर एकच होता.) यंदा चार घेतलेत. आता त्यांच्यात गर्दी वाटून द्यायला लोड बॅलन्सर हवा. हार्डवेअरची तयार पेटी घ्यायची, की साध्या मशीनवर सॉफ्टवेअर चालवायचं?
बँडची मालकीण मिस व्हेल्मा म्हणाली, "रॉल, पेटी घे नाहीतर पोतं घे. पण यंदा साइट पडली तर तू मला कॉम्प्युटरजवळ दिसायचा नाहीस."
घाईत निर्णय घेणार नाही. तुलनेचा तक्ता शनिवारपर्यंत पूर्ण.

२२ जून
तक्ता अपूर्ण. शनिवारी माराकासच्या किनाऱ्यावर गेलो होतो. विचाराला मोकळी हवा लागते.
पेटी: वेगवान, दणकट, महाग. बिघडली तर मायामीहून माणूस येईपर्यंत कार्निव्हल संपून ईस्टरआधीचे उपास सुरू होतील.
सॉफ्टवेअर: फुकट. कमी पडलं तर दुसरं उभं करता येतं. पण बिघडलं तर बोट दाखवायला माझ्याशिवाय कोणी नाही.
हा शेवटचा मुद्दा तक्त्यात घालणं योग्य का? घातला. खोडला. वेगळ्या रंगात पुन्हा घातला.

३ जुलै
बायकोला फरक समजावला. जोसेट कॅलालूची पातळ पालेभाजी ढवळत होती. म्हणाली, "म्हणजे लग्न करणं आणि नुसतं सोबत राहणं." उपमा फारच वरवरची. तरी तक्त्यात 'बांधिलकी' हा रकाना वाढवला.
मग म्हणाली, "ते राहू दे, पुढच्या रांगेतला एक पोशाख माझ्यासाठी बाजूला ठेव." नाही म्हणालो. माझ्या यंत्रणेत सगळ्यांना समान न्याय. ती म्हणाली, "बरं, मग आज समान न्यायाने वाढून घे."

१९ जुलै
ट्रायलला मागवलेली पेटी अजून बंदरात. तिथला माणूस फोनवर म्हणाला, "साहेब, पेटी आली आहे, पण ती आल्याचं अजून ठरलेलं नाही."
सॉफ्टवेअर घेतलं. निर्णय परिस्थितीने घेतला असं कोणी म्हणेल. मी म्हणेन, मी परिस्थितीलाही बोलू दिलं.

४ ऑगस्ट
एकच सेटिंग राहिलं होतं. कोणाला कुठल्या सर्व्हरवर पाठवायचं? पाळीपाळीने, की ज्या इंटरनेट पत्त्यावरून माणूस येतो त्यावरून? पत्त्यावरून ठेवलं. एका पत्त्याला कायम एकच सर्व्हर, म्हणजे कोणाचा निवडलेला पोशाख मध्येच हरवणार नाही.
जगभरातली मशीन भाड्याने घेऊन खोटी गर्दी सोडली. चारही सर्व्हरांवर सारखी वाटणी! इतकी सारखी, की डोळ्यांत पाणी आलं. मिस व्हेल्माला दाखवलं. म्हणाली, "आपल्यात सिंगापूरचं कोण नाचतं रे?"
विनोदी बाई.

१६ ऑगस्ट, सकाळ
दहाला नोंदणी. इस्त्रीचा शर्ट. मन शांत. संध्याकाळी भाषण करावं लागलं तर तयार आहे.

त्याच दिवशी, दुपार
एक सर्व्हर मेला. उरलेले तिघे सावलीत गप्पा मारत बसल्यासारखे रिकामे.
कारण सापडलं. सगळे मोबाइलवरून आले. मोबाइल कंपन्या हजारो फोन मोजक्याच, जवळजवळ सारख्या पत्त्यांवरून बाहेर सोडतात. माझ्या सॉफ्टवेअरला वाटलं, जवळजवळ अख्खं त्रिनिदाद म्हणजे एकच माणूस, आणि त्याला एकच सर्व्हर दिला. कायमचा.
एक ओळ बदलायची होती. बदलली. तोवर लोकांचा विश्वास उडून रांग मास कॅम्पच्या, म्हणजे आमच्या पोशाखांच्या कारखान्याच्या, दाराशी आली होती. रांगेतून जोसेटचा फोन: "नवरा आत, मी उन्हात. मैत्रिणी विचारतायत, तू आत नक्की करतोस काय?"

१७ ऑगस्ट
पेटी बंदरातून सुटली. उघडून पाहिली. तिच्यातही तेच सेटिंग आहे. मी तेच निवडलं असतं.
तक्त्यात हा रकाना नव्हता.

२० ऑगस्ट
मिस व्हेल्माने सगळी नोंदणी मास कॅम्पवर आणली. चार टेबलं मांडली, प्रत्येकावर बँडमधली एक बाई बसवली. मला कॉम्प्युटरपासून उठवून दारात उभं केलं. येणाऱ्याला टेबल दाखवायचं, बस. याकडे मी शिक्षा म्हणून पाहत नाही. धडा शिकलोय, या वेळी पाळीपाळीनेच: एक, दोन, तीन, चार.
लोक नम्रपणे मान डोलावतात आणि ओळखीचं माणूस बसलंय त्या टेबलाकडे जातात. एका बाईंना अडवलं तर म्हणाल्या, "बाळा, दोन नंबरवर माझी धर्ममाता बसलीय. तुझ्या चार नंबरवर माझं कोण आहे?" दुपारपर्यंत अख्खी रांग दोन नंबरवर. बाकीच्या तिघी खिडकीशी उभ्या राहून डबल्स, म्हणजे छोले भरलेल्या पुऱ्या, खात होत्या.
मग जोसेट आली. तिला तीन नंबरचं टेबल दाखवलं.
"हो हो," म्हणाली, माझी कॉलर सरळ केली आणि दोन नंबरवर गेली.